चौदा वर्षं न फिरलेला लेथ

लेथ, म्हणजे धातूचा तुकडा गोल फिरवून टूलने तासायचं यंत्र, पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या बेडवर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या लांब ओतीव धडावर) रंगाचे रिकामे डबे रचलेले होते आणि चकच्या (तुकडा पकडून फिरणाऱ्या जबड्यांच्या) भोकात कुणीतरी झाडू खोचून ठेवला होता. तारीख 9 मार्च. वर्कशॉप बंद होऊन चौदा वर्षं झालेली, आणि छपराच्या एका फुटक्या पत्र्यातून पाणी थेट टेलस्टॉकवर, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या टेकूवर, ठिबकत आलेलं. मालक म्हणाले, "बंद केला त्या दिवशी व्यवस्थित चालू होता." जुनं मशीन विकणारा प्रत्येक जण हे म्हणतो, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. प्रश्न त्यानंतरच्या चौदा वर्षांचा असतो.

मला लेथ चालवता येतो, पण बसलेला लेथ उभा करायचा अनुभव शून्य. म्हणून ओळखीच्या एका निवृत्त टर्नरकाकांना सोबत घेतलं. आत शिरल्या शिरल्या माझी नजर स्विच शोधायला लागली, तसे काका म्हणाले, "बटणाला हात लावू नकोस. आधी हाताने फिरव." कारण साधं आहे. सुकलेल्या तेलाचा चिकट थर, बुशमध्ये शिरलेला गंज, गिअरमध्ये अडकलेला एखादा नट, यांतलं काहीही मोटरला कळत नाही. ती आपला जोर लावते आणि जे सर्वांत कमजोर असेल ते मोडतं. हाताला मात्र कुठे अडतंय ते लगेच कळतं.

सोबत नेलेलं सामान म्हणजे टॉर्च, डायल गेज (बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा), तो चिकटवायला मॅग्नेटिक बेस, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), रॉकेलची बाटली, कॉटन वेस्ट आणि हातभर लांबीचा लाकडी दांडा. एवढ्यात दीड तासात मशीनची बरीचशी कुंडली निघते.

स्पिंडल, म्हणजे चकला फिरवणारा आस, आधी जाम वाटला. तेलाच्या भोकांतून पातळ तेल सोडलं, पंधरा मिनिटं थांबलो, मग पुली धरून मागे-पुढे हलवलं. अर्धा फेरा, पाऊण फेरा, आणि मग गोल फिरला. आवाज नाही, खडखड नाही. काकांनी बॅक गिअरचा (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरचा) एकेक दात टॉर्चने पाहिला. मोठ्या गिअरचे दात तुटलेले असतील तर तिथूनच परत फिरायचं, असं आमचं ठरलं होतं. ते शाबूत होते. चेंज गिअरच्या (आटे कापताना बदलून लावायच्या सुट्या गिअरच्या) संचात मात्र 40 दातांच्या एका गिअरचे तीन दात गायब.

मग स्पिंडलच्या नाकाडावर (चक बसतो त्या टोकावर) डायल गेज लावला आणि खालून लाकडी दांड्याने स्पिंडल उचलला. काटा 0.09 मि.मी. हलला. माझा चेहरा पडला. काका मात्र दांडा सोडून शांतपणे बेअरिंगच्या कॅपकडे बघत होते. दोन भागांची पितळी बेअरिंग, मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या. "हे हातातलं काम आहे," एवढंच म्हणाले.

शेवटी बेड. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणून तिथे त्याची पकड नेमकी बसवली आणि टेलस्टॉककडे ढकलायला लागलो. मध्यापर्यंत सुरळीत, पुढे जड, शेवटच्या फूटभरात जाम. म्हणजे बेड चकजवळ झिजलाय आणि टोकाला नव्यासारखा आहे. जवळपास प्रत्येक जुना लेथ असाच असतो, कारण निम्म्याहून जास्त काम चकपुढच्या हातभर जागेतच होतं. रॉकेलने पुसल्यावर ते डोळ्यांनीही दिसलं. टेलस्टॉकच्या बाजूला स्क्रेपिंगच्या (हाताने खरवडून सपाट केल्याच्या) चंद्रकोरीसारख्या बारीक खुणा स्वच्छ उमटलेल्या होत्या, आणि चककडे येता येता त्या पुसट होत शेवटी नाहीशा झाल्या होत्या. सॅडल कधीच जात नाही अशा एका पट्टीवर डायल टेकवून मोजलं, तर चकपुढे सॅडल 0.12 मि.मी. खाली बसत होता.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो, आणि सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी रात्र तीच ठरली. टूल 0.12 मि.मी. खाली गेलं तर कामाच्या, म्हणजे तासल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, व्यासात किती फरक पडेल? भूमिती शाळेतलीच आहे. खाली गेलेल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट, तेवढी त्रिज्या वाढते. 50 मि.मी. व्यासाच्या कामात त्रिज्या 25, म्हणजे 0.0144 भागिले 50, अर्थात 0.0003 मि.मी.हूनही कमी. माझ्याकडे ते मोजायचं साधनही नाही. अगदी 6 मि.मी.च्या बारीक दांड्यावरसुद्धा त्रिज्येत 0.0024 इतकाच फरक. उलट टूल आडवं, म्हणजे कामापासून नुसतं 0.03 सरकलं की व्यासात सरळ 0.06 चा फरक. थोडक्यात, बेड खाली किती खाल्लाय हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नव्हतं. तो बाजूला किती खाल्लाय आणि त्याला पीळ किती आहे, हे बघायला हवं होतं. दुसऱ्या फेरीत ती आडवी झीज मोजली, ती 0.02 निघाली. बेड ग्राइंडिंगला पाठवायचा विचार मी तिथेच सोडला. तो पाठवला असता तर सॅडल, ॲप्रन (सॅडलपुढची गिअरची पेटी), लीड स्क्रू (आटे कापताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) यांची उंची पुन्हा जुळवायचं वेगळंच लचांड मागे लागलं असतं.

पैसे भंगाराच्या वजनाच्या हिशेबाने ठरले. त्यासाठी वजनकाट्याची पावती लागली, आणि ती मशीन हलवल्याशिवाय मिळत नाही. आवारातून मशीन बाहेर काढायला गेट पास हवा, आणि तो पैसे भरल्याशिवाय नाही. हे कोडं सुटायला अकरा दिवस गेले. शेवटी अंदाजे वजनाचा आगाऊ भरणा, फरक नंतर, असं कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. काटा 840 किलो दाखवत होता. एक सल्ला इथेच देतो. त्याच कागदावर सुट्या वस्तूंची यादी लिहून घ्या. चेंज गिअर, फोर जॉ (चार जबड्यांचा) चक, फेस प्लेट, स्टेडी रेस्ट (लांब गजाचा मधला टेकू), चकची चावी. आमच्या यादीत स्टेडी रेस्ट होता म्हणूनच तो दोन आठवड्यांनी दुसऱ्या खोलीतल्या पोत्याखालून शोधून मिळाला.

22 मार्चला मशीन हललं. लेथ वरून जड असतो आणि त्याचं बहुतेक वजन हेडस्टॉककडे, म्हणजे स्पिंडल बसतो त्या टोकाकडे, एकवटलेलं असतं, त्यामुळे तो दिसतो त्यापेक्षा खूप सहज कलंडतो. सॅडल आणि टेलस्टॉक पार टोकाला नेऊन घट्ट केले, पट्टे बेडखालून घेतले, आणि लीड स्क्रूला पट्टा टेकू नये म्हणून मध्ये लाकडाचे ठोकळे घातले. स्पिंडलला किंवा लीड स्क्रूला बांधून उचललेला लेथ मी पाहिलाय. वाकलेला लीड स्क्रू परत सरळ होत नाही. जमिनीवरून सरकवताना पाइपांचे रोलर आणि पहार पुरली. चौघं जण होतो. मशीन कलायला लागलं तर धरायला कुणीही पुढे यायचं नाही, सगळ्यांनी मागे पळायचं, हे आधी मोठ्याने ठरवून घेतलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण हात आपोआप पुढे जातो.

6 एप्रिलपासून उघडायला सुरुवात. इथे माझी पहिली चूक झाली. नट जुने, त्यांना ना मिलिमीटरचा पाना नीट बसत होता ना नेहमीचा इंची पाना. मी जवळचा पाना लावून जोर केला आणि दोन नटांची डोकी गोल करून टाकली. मग कळलं की हे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये सुचवलेला 55 अंशांचा आटा, आणि त्याच्या पान्यांची मापंही वेगळी. एक सापळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात 12 आटे असतात, अमेरिकन यूएनसी आट्याच्या बोल्टला 13. दोन फेरे नट छान जातो, मग अडकतो, आणि आपण गंज समजून अजून जोर लावतो. आटा मोजायचा गेज आधी घ्या, पाना नंतर.

टेपर पिनांनीही रडवलं. या पिना एका बाजूने बारीक असतात. इंची मशीनवर 48 ला 1 असा उतार, मेट्रिकवर 50 ला 1. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजून बारीक टोकावरच ठोकायचं. लीड स्क्रूच्या कॉलरची पिन मी मोजली नाही, अंदाजाने ठोकली, आणि ती अजून घट्ट बसली. शेवटी ड्रिल करून काढावी लागली. नुसत्या त्या एका पिनेत सबंध शनिवार गेला.

क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) स्क्रू डाव्या आट्याचा असतो हेही आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. हँडल उजवीकडे फिरवल्यावर स्लाइड आत जावी म्हणून तो तसा करतात. मी नटावर उजव्या आट्याचा टॅप फिरवून साफ करायच्या बेतात होतो. तेव्हा काकांशी फोनवर बोलत होतो म्हणून वाचलो.

सगळ्यांत जास्त दिवस खाल्ले चकने. स्पिंडलच्या नाकाडावर आट्याने बसणारा थ्री जॉ चक, आणि तो चौदा वर्षं एकाच जागी. मनात आलं, बॅक गिअर गुंतवला की स्पिंडल लॉक होतो, मग चकला मोठा पाना लावायचा. लिव्हर ओढली आणि काकांनी माझं मनगट धरलं. असं करूनच बॅक गिअरचे दात मोडतात, आणि ते दात शाबूत होते म्हणून तर आपण हे मशीन घेतलं होतं. त्यांची रीत वेगळी होती. चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ आट्याच्या सांध्यावर भेदक तेल. पाचव्या दिवशी चकच्या मागच्या प्लेटला हीट गनने हलकी ऊब, नाकाडाला नाही. मागच्या बाजूच्या जॉखाली बेडवर लाकडाचा ठोकळा, आणि पुलीला पट्ट्याचा पाना लावून स्पिंडल उलटा, झटक्यात. पहिल्या सात-आठ झटक्यांत काहीच नाही. मग एक बारीकसा टक्क आवाज आला, आणि मला वाटलं काहीतरी तुटलं. चक सुटला होता. आट्यांवर तपकिरी धूळ होती, बाकी ते अगदी नवे.

अशा आट्याच्या चकचा एक धोका त्या निमित्ताने सांगतो. मशीन उलटं फिरवून कापायला गेलं तर चक स्वतःच उकलून बाहेर येऊ शकतो. उलटा फेरा फक्त टूल मागे आणायला, तोही सावकाश.

गंजाबद्दल. बेडवर पॉलिश पेपर फिरवायचा मोह आवरा. पेपरचे कण ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत बसतात आणि मग सॅडलखाली तासणीचं काम करत राहतात. शिवाय पेपर उंच-सखल बघत नाही, हात जिथे जास्त फिरेल तिथे जास्त खातो. मी रॉकेल, दाढीच्या पात्यासारखी सरळ धारेची पट्टी आणि पितळी तारेची लोकर एवढ्यावर भागवलं. पट्टी आडवी धरून सरकवली की गंज पापुद्र्यासारखा निघतो आणि खालचं लोखंड तसंच राहतं. बेडवर टेलस्टॉकपाशी पाण्याचे थेंब पडून झालेले खड्डे तसेच ठेवले. त्यात तेल साठतं, नुकसान काही नाही.

सुटे भाग, म्हणजे हँडव्हील, लिव्हर, गिअर, सोड्याच्या पाण्यात टाकून विजेवर साफ केले. प्लास्टिकचं टब, लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, धन टोकाला टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा. स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातल्या क्रोमियमचं विषारी पाणी होतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, आणि चिमटे लावा-काढायच्या आधी चार्जर बंद. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात टाकू नका. एका रात्रीत गंजाची काळी राळ होते, ब्रशने धुऊन निघते. धुतल्यावर लगेच पुसून, तापवून तेल लावा. मी पहिल्या घाण्याला चहा पिऊन येईपर्यंत थांबलो आणि सगळ्या गिअरांवर पुन्हा केशरी साय धरली होती.

रंग मी काढलाच नाही. जुन्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं, आणि तो कोरडा घासणं म्हणजे ती धूळ छातीत घेणं. साबणाच्या पाण्याने धुतला, सुटलेले पोपडे ओले करून काढले, बस. नवा चकचकीत रंग दिलेले लेथ मला जरा संशयास्पदच वाटतात.

आता बेअरिंग, आणि माझी दुसरी चूक. वरची कॅप काढून दोन्ही बाजूंच्या शिममधून 0.05 काढायचं ठरलं होतं, म्हणजे 0.09 ची ढिलाई 0.04 वर येणार. मी उत्साहात 0.08 काढलं. हाताने स्पिंडल मस्त गच्च फिरत होता, जणू नवा. पुढे मोटर जोडून चाचणी घेतली तेव्हा दहा मिनिटांत कॅपला हात ठेववेना. तेलाच्या फिल्मला जागाच उरली नव्हती. बंद केलं, कॅप उघडली, पितळेवर नखाएवढा चकाकता डाग पडलेला. वेळेत थांबलो म्हणून डागावरच निभावलं. 0.03 परत घातलं. आता तासभर चालवलं तरी कॅप कोमट राहते, आणि दांड्याने उचलल्यावर काटा 0.04 दाखवतो. तेलकपातून बेअरिंगपर्यंत तेल नेणाऱ्या वातीही याच वेळी बदलल्या. जुन्या लोकरीच्या वाती कोळशासारख्या झाल्या होत्या, आणि एका तेलकपात कुणीतरी कधीकाळी ग्रीस ठासलेलं होतं. तेलाच्या जागी ग्रीस गेलं की वात मरते आणि बेअरिंग उपाशी राहते. सगळं खरवडून काढलं.

स्पिंडल मात्र मी बाहेर काढला नाही. स्पिंडल फिरवणारा पट्टा नवा हवा होता, आणि सलग गोल पट्टा घालायचा तर स्पिंडल काढावा लागतो. कड्याकड्यांचा जोडपट्टा मिळतो, तो कुठेही उकलून गुंफता येतो. थोडा महाग पडला, पण जे नीट बसलंय ते उघडायची वेळ आली नाही.

तुटलेल्या 40 दाती गिअरची गोष्ट खर्चाची आहे. मी व्हर्नियर न लावताच मॉड्यूल (दाताचं मेट्रिक माप) दीडचा असणार असं धरून ऑर्डर दिली. तीन आठवड्यांनी गिअर आला, लावला, दात दातात बसेना. तेव्हा कुठे जुना मोजला. बाहेरचा व्यास 66.6 मि.मी. दात अधिक दोन म्हणजे 42. 66.6 भागिले 42 केलं तर 1.586 येतं, आणि असं मॉड्यूल कुणी करत नाही. पण 25.4 ला 1.586 ने भागलं की 16. इंची गिअर, डायमेट्रल पिच (दाताचं इंची माप) 16. लेथ इंची होता हे नटांनी एप्रिलमध्येच ओरडून सांगितलं होतं, मी मात्र मे महिन्यात पुन्हा विसरलो. दुसऱ्या वेळी ऑर्डरसोबत संचातला एक चांगला गिअर नमुन्याला पाठवला, कारण दाताचा कोन साडेचौदा अंशांचा की वीसचा हे नुसत्या मोजमापावरून सांगणं अवघड. साडेचौदाचा निघाला. आणखी पाच आठवडे. चुकीचा गिअर अजून खिडकीत आहे, कागद उडू नयेत म्हणून.

लीड स्क्रूही इंचात 4 आट्यांचा, म्हणजे 6.35 मि.मी. पिच (दोन आट्यांमधलं अंतर). मला आटे लागतात मिलिमीटरचे. इंच म्हणजे नेमके 25.4 मि.मी., त्यामुळे 127 दातांचा गिअर मध्ये घातला की हिशेब अचूक बसतो. दीड मि.मी. पिचसाठी 30 भागिले 127. पण एवढा मोठा गिअर माझ्या गार्डखाली मावेना. मग 63 दातांचा जुगाड केला. 30 भागिले 100, गुणिले 63 भागिले 80. चूक मीटरमागे साधारण 0.12 मि.मी. नट-बोल्टच्या लांबीत ती कुणाला सापडणार नाही.

विजेची कहाणी वेगळीच. मोटर थ्री फेज, माझ्याकडे कनेक्शन सिंगल फेज. मे महिन्यात वीज कार्यालयात अर्ज टाकला. अर्जासोबत मोटरच्या प्लेटचा फोटो, एकूण लोडचा तक्ता, वायरमनचा चाचणी अहवाल. पहिल्यांदा तक्ता जुन्या नमुन्यात आहे म्हणून परत. दुसऱ्यांदा पाहणीला माणूस आला तेव्हा मी घरी नव्हतो, तिसऱ्यांदा तो आला नाही. जुलैत कळलं की आमच्या ओळीवर जादा लोड द्यायला अजून वेळ लागेल. मी अर्ज मागे घेतला आणि व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, घेतली.

तिच्याबद्दल तीन गोष्टी. सिंगल फेज 230 व्होल्ट घेणारी ही पेटी थ्री फेज देते, पण तीही 230 चीच, म्हणून मोटर डेल्टात (तिच्या तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात) जोडावी लागते. प्लेटवर 230/400 लिहिलेलं होतं, टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा होत्या, पट्ट्या फिरवल्या आणि झालं. तीनच तारा बाहेर असत्या तर मोटर उघडून स्टारचा सांधा (तिन्ही गुंडाळ्या एकत्र जोडलेली जागा) शोधावा लागला असता. दुसरं, पेटी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच नको. चालू पेटीपासून मोटर तोडली की पेटी जाऊ शकते. जुना ड्रम स्विच मला ठेवायचा होताच, म्हणून तो पेटीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडला. हात तोच, काम वेगळं. तिसरं, वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. ते सेटिंग मॅन्युअलात शोधून तपासा, आणि मेन स्विच पाडून खरोखर करून बघा. जोडणीचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं. त्याने मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावल्यावर मोटरचं इन्सुलेशन 0.3 मेगओहम आलं, किमान एक तरी हवं. ओल होती. मोटरचं दार उघडून आत बल्ब लावून दोन दिवस ठेवली, मग 6 आलं. बेअरिंगा तेवढ्यात बदलल्या.

ऑगस्टमध्ये लेथ जागेवर बसला, आणि इथे घाई करू नका असं हात जोडून सांगतो. लेव्हल (बुडबुड्याची पाणसळ) लावायची ती मशीन क्षितिजाला समांतर हवं म्हणून नव्हे. जहाजावरचे लेथ डुलत डुलत काम करतात. बेडला पीळ नको, एवढंच लेव्हल सांगते. मीटरला 0.02 दाखवणारी लेव्हल उसनी आणली, बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून बुडबुडा सारखा केला. मग खरी परीक्षा. 40 मि.मी.चा गज चकमध्ये धरून 200 मि.मी. बाहेर काढला, टेलस्टॉकचा आधार न देता. दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून मधला भाग बारीक केला, आणि क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घेतला. बाहेरचा कॉलर 0.07 मि.मी. जाड भरला. म्हणजे सॅडल टोकाकडे जाता जाता टूल माझ्याकडे झुकतंय. टेलस्टॉककडचा पुढचा पाय थोडा उचलला, पुन्हा कट, 0.04. पुन्हा थोडा, 0.015. तिथे थांबलो आणि बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी मोजलं तर 0.03. ओतीव बेड रात्रीत सावकाश बसतो. चार दिवस रोज एक कट, मग आकडा 0.015 वर स्थिरावला.

टेलस्टॉक अपेक्षेप्रमाणे खाली गेलेला, तळ झिजून 0.08. त्याच्या दोन भागांमध्ये शिम घातली. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूत अर्ध्या मि.मी.ची ढिलाई आहे, ती तशीच ठेवलीय. माप घेताना नेहमी एकाच दिशेने आत यायचं, पुढे गेलं तर पूर्ण फेरा मागे जाऊन परत यायचं. सवयीचा भाग आहे. त्या नटासाठी आणखी दोन महिने थांबायची माझी तयारी नव्हती.

14 सप्टेंबरला काकांसमोर पहिला खरा कट घेतला, 30 मि.मी.च्या माइल्ड स्टीलवर. किस निळसर गुंडाळ्या होत सुटला, मग मध्येच कर्कश थरथर सुरू झाली आणि गजावर खवल्यांसारखी नक्षी उमटली. मी बेअरिंगला दोष द्यायला लागलो. काकांनी कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) पकडून हलवली. तिची गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) ढिली होती, सहा महिने सगळं मोजणाऱ्या माणसाने तो एक स्क्रू आवळलाच नव्हता. आवळल्यावर थरथर गेली.

खर्चाचं विचाराल तर मशीनला जेवढे मोजले, त्याच्या सव्वापट पुढे गेले. त्यात निम्म्याच्या आसपास व्हीएफडी आणि वायरिंग, मग वाहतूक, मग दोन गिअर, त्यांतला एक खिडकीतला. तेल, रॉकेल, कॉटन वेस्ट यांचा हिशेब ठेवला नाही, तो ठेवायला हवा होता.

सगळी मापं एका कागदावर लिहून गिअरच्या दाराच्या आत चिकटवलीत. स्पिंडल 0.04, दोन कॉलर 0.015, टेलस्टॉक शून्य, शेजारी तारखा. मार्चमध्ये पुन्हा मोजणार आहे, आणि तोवर लीड स्क्रूच्या कॉलरमधून मधूनच येणारी ती किरकिर कशाची आहे तेही बघायचंय.